रोवणीच्या दिवसांतली नलिनी गजभिये

स्टाफरूममध्ये नलिनी गजभियेच्या वाटणीची एक खुर्ची होती आणि त्या खुर्चीवर आम्ही सगळे आपापल्या पिशव्या ठेवायचो. डबे, छत्र्या, तपासायचे पेपर, बाजारातून आणलेली मेथी, सगळं तिच्या खुर्चीवर. कारण ती त्या खुर्चीवर बसायचीच नाही. चहा उभ्यानं, डबा उभ्यानं, सही उभ्यानं. मीटिंग असली की प्राचार्य म्हणायचे, "बसा मॅडम," आणि ती "हो सर" म्हणून खिडकीपाशी जाऊन उभी राहायची.

मी तुमसरच्या त्या कॉलेजात मराठी शिकवायला आले तेव्हा भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती, पण आमच्या स्टाफरूमच्या भिंतीवर अजून जुन्या अखंड जिल्ह्याचाच नकाशा लटकत होता. त्या नकाशासमोरून ही बाई हातात कप घेऊन येरझारा घालत होती. इकडून तिकडे, तिकडून इकडे. पहिलाच दिवस, कुणाची ओळख ना पाळख, पण माझं डोकं मुळातच गरम. पाच मिनिटं सहन केलं आणि मग म्हटलं, "अहो मॅडम, मला गरगरायला लागलं. बसा की जरा!"

ती थांबली. माझ्याकडे खालून वर पाहिलं. मग खो खो हसली आणि म्हणाली, "मॅडम, मी बसली का संपली." आणि पुन्हा चालायला लागली. त्या दिवसापासून आमची दोस्ती. आठवड्याभरात ती मला "कुंदे" म्हणायला लागली आणि मी तिला नलिनी.

पायाला भिंगरी म्हणतात ती काय असते हे मी तिच्यामुळे पाहिलं. ती प्राणीशास्त्र शिकवायची. राहायची तुमसरलाच, दोन खोल्या भाड्यानं घेऊन, एकटी. लग्न केलं नव्हतं. विचारलं की म्हणायची, "करनार होती बाप्पा, पन तो पाहुना दोन तास पाटावर बस म्हने." माय आणि धाकटा भाऊ सिहोऱ्याला, घरची धानाची शेती. कॉलेज सुटलं की स्कूटी काढून सिहोरा, तिथून मायच्या हातची भाकर बांधून परत. परीक्षेत तिची ड्यूटी लागली की पोरं मेटाकुटीला यायची. एकदा एका पोरानं हात जोडले, "मॅडम, तुम्ही फक्त उभ्या राहा. आम्ही कॉपी करत नाही, शपथ." ही म्हणाली, "तू लिही बे. मी काही तुझ्यावर लक्ष ठेवून नाई राह्यली, मी चालून राह्यली."

रक्ताचा धडा ती वर्गात शिकवत नसे, मैदानात शिकवायची. एका टोकाला एखादा पोरगा नाहीतर पोरगी उभी करायची, "तू किडनी." दुसऱ्या टोकाला कडुनिंबाखाली आठ-दहा पोरं डोळे मिटवून उकिडवी बसवायची. ती हाडांच्या मज्जेतल्या मूळपेशी. मधे पळणारी पोरं म्हणजे संप्रेरकं. रक्तात प्राणवायू कमी पडला की किडनीनं एकाच्या कानात सांगायचं, त्यानं पळत जाऊन झोपलेल्या मूळपेशीच्या डोक्यात टपली मारायची, आणि त्या मूळपेशीनं उठून डोक्याला लाल रिबीन बांधून मैदानाला फेऱ्या घालायच्या. झाली तांबडी पेशी! पोरं मनसोक्त टपल्या मारायची. मी शेजारच्या वर्गात कविता शिकवत असायचे आणि बाहेरून आरडाओरडा: "मॅडम, किडनी बोलतच नाही!" एकदा आंधळगावहून एक बाप तणतणत आला. "माह्या पोरीले मॅडमनं सगळ्याइच्या समोर किडनी म्हन्लं!" प्राचार्यांना काही कळेना. नलिनी पुढे झाली, "बाबा, किडनीनं हाक देल्ली नसती तं तुमच्या अंगात रक्त नसतं, आन् रक्त नसतं तं तुमी इथवर भांडाले आले नसते. पोरगी हुशार हाय, म्हून तिले किडनी केली." बाप खूश होऊन परत गेला. जाताना पोरीला दहाची नोट देऊन गेला म्हणे.

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण ती मला सांगायचीच. भाजी घेताना, बसस्टँडवर, कुठेही. "एक एक संप्रेरक म्हनजे सांगावा नेनारा प्रथिनाचा एवढासा तुकडा असते, कुंदे. दिसाले काईच नाई. पन तो गेला नाई तं मज्जा हलत नाई. ह्या मूळपेशी भल्त्या झोपाळू. मले तं रागच येते त्याइचा." मग थोडं थांबून स्वतःच म्हणायची, "पन ते बी बरोबरच हाय म्हना. साऱ्याच एका दमात उठल्या तं उद्यासाठी कोन राह्यनार?" मी म्हणायचे, "मग तूही थोडी झोप की मूळपेशीसारखी." ती म्हणायची, "मी सांगावा हाय. सांगावा कुठी झोपते?"

तिचा भाऊ प्रभाकर अगदी उलटा. संथ. बोलायचा हळू, चालायचा हळू, जेवायला बसला की तासभर. नलिनी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, त्याला लहानपणी कडेवर घेऊन शाळेत जायची. तो तिला "बाई" म्हणायचा, आपल्याकडे मोठ्या बहिणीला म्हणतात तसं. ती त्याला कितीही वय झालं तरी "बाबू".

एका उन्हाळ्यात बाबूच्या दंडावर, मांड्यांवर निळेजांभळे डाग दिसायला लागले. तो म्हणाला, बैलानं ढोसलं असेल. मग दात घासताना रक्त, मग दोन पावलं चाललं की धाप. गावात लोहाच्या गोळ्या झाल्या, टॉनिक झालं. नलिनीनं त्याच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली आणि तडक त्याला स्कूटीच्या मागं घालून तुमसरला आणलं, तिथून नागपूरला. कमरेच्या मागच्या हाडात सुई घालून मज्जा काढून पाहिली. मज्जा जवळजवळ रिकामी होती. आतल्या मूळपेशीच संपत आल्या होत्या.

नागपूरहून परतल्यावर ती स्टाफरूममध्ये आली ते मला आठवतं. नकाशासमोर येरझारा नेहमीसारख्याच, पण हातात कप नव्हता. माझ्यासमोर येऊन थांबली. "कुंदे, त्याच्या अंगात सांगावे कमी नाई पडले व. उलट चढून हायेत, डॉक्टर म्हन्ले. किडनी बोंबलून राह्यली, लिव्हर बोंबलून राह्यलं, उठा रे उठा. आन् आत उठाले कोनीच नाई." एवढं बोलून ती पुन्हा चालायला लागली. मैदानातल्या खेळात किडनी गप्प बसली की खेळ थांबायचा. कडुनिंबाखाली कोणीच नसलं तर काय होतं, हे तिनं पोरांना कधी सांगितलं नव्हतं. मला त्या दिवशी पहिल्यांदा तिची भीती वाटली, म्हणजे तिच्यासाठी.

आधी काही महिने गोळ्या झाल्या. त्या गोळ्याही एका संप्रेरकाचीच नक्कल करतात, असं तिनं सांगितलं, म्हणजे हाक आणखी मोठ्यानं द्यायची आणि एखादी उरलीसुरली पेशी उठते का बघायचं. उठली नाही. दर काही दिवसांनी बाबूला रक्त चढवायचं, त्यावर तो तग धरायचा, पुन्हा पांढराफटक. शेवटी डॉक्टर म्हणाले, दुसऱ्याच्या मूळपेशी द्याव्या लागतील, सख्ख्या भावाबहिणीच्या जुळतात का पाहू. जुळण्याची शक्यता चारात एक. नलिनीच्या जुळल्या.

तिला आनंदानं काय करू नि काय नको झालं. आख्ख्या स्टाफला पेढे. माय मात्र हबकली. सिहोऱ्याच्या घरी चुलीपाशी बसून तोंडाला पदर लावला, "एक तं खाटेवर हाय. आता दुसरीच्या बी हाडातलं काढता? दोघंबी गेले तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?" नलिनी म्हणाली, "माय, काढत काई नाई वं. चार-पाच दिवस दंडात सुई देतेत. त्या सुईत बी सांगावाच असते. मज्जेत चिकटून बसलेल्या पेश्या त्या सांगाव्यानं सुटून रक्तात येतेत. मंग हातातून रक्त मशिनीत घ्याचं, पेश्या येचून घ्याच्या, रक्त मले वापस." मायला यातलं काही पटलं नाही. नलिनीनं डोकं खाजवलं आणि म्हणाली, "आता बघ. बाबूच्या वावरात चिखलनी करून ठेवतेत. माह्या वावरातले पऱ्हे उपटून त्याच्यात रोवतेत. समजलं?" माय म्हणाली, "मंग असं सांग ना, बाप्पा." धानाची रोपं म्हणजे पऱ्हे, आणि ती चिखलात लावणं म्हणजे रोवणी, भंडाऱ्याच्या बाईला याहून सोपं कोण सांगणार!

तारीख आली ती नेमकी रोवणीच्या दिवसांत. नलिनीबरोबर नागपूरला राहायला मी गेले. दवाखान्याजवळ एक खोली घेतली. बाबू काचेमागच्या खोलीत, त्याची बायको रेखा मास्क-टोपी घालून त्याच्याजवळ. बाबूची उरलीसुरली मज्जा औषधांनी साफ करायला सुरुवात झाली होती. डॉक्टर मॅडम, तरुण, कडक बाई, त्यांनी नलिनीला समोर बोलावून सांगितलं, "आता तुमच्या भावाकडे स्वतःचं काहीच उरणार नाही. इथून पुढे तुम्ही आजारी पडायचं नाही, धडपडायचं नाही, गर्दीत जायचं नाही. तुम्हाला काही झालं तर त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरा इलाज नाही." नलिनी "हो मॅडम, हो मॅडम" म्हणत राहिली. डॉक्टर मॅडम बसा म्हणाल्या तरी उभीच.

पहिल्या दोन सुयांनंतर तिची हाडं दुखायला लागली. कंबर, पाठ, छातीचं हाड. ते दुखणं चांगलं, पेशी कामाला लागल्याची खूण, असं तिनंच मला समजावलं आणि स्वतः मात्र कण्हत खोलीभर फिरत राहिली. संध्याकाळी आम्ही बाबूला काचेतून बघायला गेलो. तो आतून फोनवर बोलायचा. त्याचं पहिलं वाक्य काय असेल? "बाई, पऱ्हे पिवळे पडून राह्यले असन. माय म्हन्ते, बाया उद्या येऊन राह्यल्या. पहिली पेंडी कोन लावन?" त्यांच्या घरात रीत अशी की रोवणीच्या बाया बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, उतरायच्या आधी रोपांची पहिली पेंडी घरच्या माणसानं लावायची. बाप होता तोवर बापानं, नंतर बाबूनं. नलिनी काचेला हात लावून म्हणाली, "लागन रे बाबू. तू त्याची फिकर नोको करू." मी म्हटलं, माय लावेल, त्यात काय.

तिसऱ्या दिवशी सकाळची सुई झाली. मी खाली चहा घ्यायला गेले आणि वर येऊन पाहते तर नलिनी नाही. वाटलं, दवाखान्याच्या आवारात फिरत असेल. नव्हती. फोन बंद. काचेपाशी नव्हती, औषधाच्या दुकानात नव्हती. दुपार झाली. डॉक्टर मॅडमनी मला जिन्यात गाठलं, "डोनर कुठं आहेत?" मी म्हटलं, "जेवायला गेली." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला रडू यायला लागलं. तिकडे रेखा काचेआडून हातानं विचारतेय, बाई कुठं? आणि मी वेड्यासारखी हसून, येतेय, येतेय. माझा जीव नुसता टांगणीला लागला होता, आणि त्याहून जास्त संताप. आली की हिचे पाय बांधते, असं मी मनात किती वेळा म्हटलं असेल.

उन्हं उतरल्यावर ती आली. साडीचा काठ ओला, पोटऱ्यांवर वाळलेल्या चिखलाची रेघ, आणि डाव्या पायाच्या अंगठ्याला फडकं गुंडाळलेलं.

"सिहोऱ्याला गेली होतीस?" मी विचारलं.

"हव."

"बांधीत उतरलीस?"

"पहिली पेंडी लावली आन् निंगाली. बसनं गेली, बसनं आली. काहून एवढी लाल होऊन राह्यली?"

मग माझं तोंड सुटलं ते सुटलंच. खोलीच्या बाहेर लोक जमले असतील, मला भान नव्हतं. "नलिनी, अक्कल गहाण टाकलीस का गं? जन्मभर पोरांना शिकवतेस आणि चिखलात अनवाणी? तो तिकडे आतून रिकामा होऊन पडलाय! तुझ्या अंगात जे आहे ते त्याचं आहे आता, तुझं नाही! रोपाच्या पेंडीसाठी भाऊ मारशील?"

ती भिंतीला टेकली. पहिल्यांदाच तिचा आवाज बारीक ऐकला. "त्यानं मले इचारलं, कुंदे. वाचतो का नाई, हे नाई इचारलं. पऱ्हे इचारले. मी लागन म्हन्ली. दुसऱ्यानं लावली आन् त्याचं काई झालं असतं, तं मी जन्मभर काय म्हन्ली असती?" आणि मग, "आन् खरं सांगू? इथी बसवतच नव्हतं व. हाडं अशी ठनकून राह्यली, वाटे, वावरात गेली तं थांबन."

मी तिचा अंगठा सोडून पाहिला. खरचटलेलं, कडेला लाल. चिखलातल्या कुठल्या तरी खुंटानं कापलं होतं. गरम पाण्यानं धुतलं, औषध लावलं. धुताना माझं तोंड चालूच होतं. दिवेलागणीला तिचं अंग तापलं.

आता पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी तिचं रक्त तपासलं. पायातून जंतू शिरले असतील तर पांढऱ्या पेशी वाढतात, ही साधी खूण. पण ती सुई मुळात पांढऱ्या पेशीच वाढवते. आकडा आभाळाला भिडला होता आणि त्यावरून काहीच कळत नव्हतं. "हे सुईनं वाढलंय की पायानं, सांगा मला," डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तर प्राणीशास्त्राच्या प्राध्यापक ना?" तापही तसाच, सुईनंही ताप येतो, जखमेनंही येतो. रक्तात जंतू वाढतात का ते बघायला नमुना ठेवला, जंतूंवरचं औषध सुरू केलं. काही निघालं तर तिचं बाबूला देता यायचं नाही, आणि दिलं नाही तर बाबू राहत नाही. काचेपलीकडे तो शांत पडला होता. त्याला कोणी काही सांगितलं नाही. त्यानं फोनवर एवढंच विचारलं, "बाई, लावली?" नलिनी म्हणाली, "लावली. मस्त लागली." फोन ठेवला आणि जिन्यात जाऊन भिंतीवर डोकं आपटायला लागली. मी तिला धरून ठेवलं. इतकी किडकिडीत बाई, पण धरताना माझ्या नाकी नऊ आले.

ते दोन दिवस तिला चालायचीही बंदी, पाय वर ठेवून पडायचं. ती पडली, पण पडल्या पडल्या सगळी तळमळत होती. पलंग वाजायचा. मी चिडून म्हणायचे, "हलू नको!" ती म्हणायची, "मी नाई हलून राह्यली, हाडं हलून राह्यली." ताप उतरला. अंगठ्याची लाली ओसरली. नमुन्यात काही वाढलं नाही. डॉक्टर मॅडम आल्या, पाय उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, "उद्या घेऊ." आणि दारातून वळून, "पुढच्या वर्षी रोवणीला मला बोलवा. तुम्हाला बांधून ठेवायला." मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी नलिनी सकाळपासून दुपारपर्यंत एका आरामखुर्चीत पडून होती. दोन्ही हातांत सुया, हात वाकवायचे नाहीत. एका हातातून रक्त मशिनीत, दुसऱ्या हातानं परत. नाक खाजलं तरी मी खाजवायचं. तासाभरात तिच्या कपाळावर घाम. चादरीखाली पाय सारखे हलत होते. "बोल व काईतरी," ती म्हणाली, "तुझं शिकव." मी म्हटलं, "तुला मराठी? अलंकार शिकवू?" "शिकव." मग मी तिला अलंकार शिकवले, उपमेपासून. तिनं एकही धड ऐकला नसेल. तिची नजर त्या पिशवीवर होती. पिशवीत टमाट्याच्या साराच्या रंगाचं काही तरी हळूहळू साठत होतं. मधेच म्हणाली, "कुंदे, पाय हाय ना तिथी?" "काय?" "काई नाई. मले वाटलं, उठून गेली का काय मी." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पुसायला तिचा हात मोकळा नव्हता. मी पदरानं पुसलं. मीही रडत होते, खोटं कशाला सांगू.

त्याच संध्याकाळी ते बाबूला चढवलं, साध्या रक्तासारखं, लटकवलेल्या पिशवीतून. मग वाट पाहणं. नलिनी दवाखान्याच्या व्हरांड्यात इतकी फिरली की तिथल्या सफाईच्या बाया म्हणायच्या, "मॅडम, तुम्ही आल्यापासून फरशी आपोआप पुसली जाते." अडीच आठवड्यांनी एका सकाळी रेखानं काचेआडून दोन्ही हात वर केले. बाबूच्या रक्तात नव्या पेशी दिसल्या होत्या. नलिनीच्या पेशींनी त्याच्या हाडात मूळ धरलं होतं. आता त्याच्याच किडनीनं हाक द्यायची आणि त्याच्या हाडात बसलेल्या बहिणीच्या पेशींनी उठायचं.

वर्षभरात बाबूचा रक्तगट बदलला. बी होता, ओ झाला, नलिनीचा. सिहोऱ्यात मोठी चर्चा. "रक्तगट बदलते काय, बे?" पारावरची माणसं त्याच्या तोंडाकडे पाहायची. वर तो गडी थोडा चपळ झाला. पूर्वी आजारानं आणखीच मंदावला होता, बरा झाल्यावर कामाला लागला, एवढंच. पण गावानं ठरवलं, बाईचं रक्त चढलं म्हणून आता हाही एका जागी बसत नाही. नलिनी चिडायची, "स्वभाव रक्तात नसते बे! कितीदा सांगू?" आणि मग माझ्या कानाशी येऊन, "पन कुंदे, परवा जेवता जेवता उठला. खरंच. मी पाह्यलं." पुढच्या रोवणीला पहिली पेंडी बाबूनं लावली. मास्क लावून चिखलात उतरलेला माणूस मी तेव्हाच पाहिला. नलिनी बांधावर उभी राहून त्याच्यावर ओरडत होती, "चप्पल घाल! पाय कापन!" चिखलात चप्पल घालून कोण रोवणी करतं? बाया हसून हसून चिखलात बसल्या.

सहा वर्षं बरी गेली. ती आता गावोगावच्या शाळांमधून रक्तावर बोलायला जायची. आपल्या भागात सिकलसेल फार, पोरांना आधीच कळलं पाहिजे, असा तिचा ध्यास. रविवारसुद्धा सोडायची नाही. मी म्हणायचे, थकशील. तेव्हा जे म्हणायची ते तुम्हाला ठाऊक आहे.

नाकाडोंगरीच्या शाळेतून ती परत येत होती. जंगलालगतच्या रस्त्यावर रानडुकरांचा कळप आडवा गेला. स्कूटी आदळली. मागून येणाऱ्या जीपवाल्यानं तिला उचललं. पोटात आतल्या आत रक्तस्राव होता. भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणली तेव्हा शुद्धीवर होती म्हणतात, मी पोचले तोवर आत नेली होती. रक्त हवं होतं, बरंच हवं होतं. बातमी कॉलेजात गेली आणि तिची पोरं निघाली. जुनी पोरं, नवी पोरं, कोणी मोटारसायकलवर, कोणी ऑटोत कोंबून. मैदानात टपल्या मारलेली, लाल रिबिनी बांधलेली पोरं बाही वर करून रांगेत उभी. एक मोठा झालेला गडी मला म्हणाला, "मॅडम, मी किडनी होतो."

प्रभाकर, तिचा बाबू, सगळ्यांत पुढे होता. सिहोऱ्याहून कसा आला, त्यालाच ठाऊक. डाव्या हाताची बाही खांद्यापर्यंत सरकवलेली. रक्त घेणारा माणूस सभ्य होता. त्यानं नेहमीचे प्रश्न विचारले आणि याच्या तोंडून आजाराचं ऐकल्याबरोबर पेन खाली ठेवलं. ज्यांना दुसऱ्याच्या मूळपेशी दिल्यात, त्यांचं रक्त घेता येत नाही, असं त्यानं समजावून सांगितलं. नियम आहे. प्रभाकरनं ऐकून घेतलं आणि हात तसाच पुढे ठेवला. "दुसऱ्याच्या नाई जी. आत हाय ना, तिच्याच." त्या माणसानं पुन्हा सांगितलं. प्रभाकरनं पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता, त्याच्या त्या संथ चालीनं. "गट तं तिचाच हाय. तपासून पाहा. माह्या अंगात तिचंच हाय, साहेब, घ्या ना." मागची पोरं थांबली होती. कोणी त्याला बाजूला हो म्हटलं नाही. शेवटी मीच त्याचा दंड धरून बाजूला घेतलं, कारण मागच्यांचं घ्यायला हवं होतं, वेळ नव्हता.

पोरांनी दिलेलं सगळं तिला चढवलं. दिवस मावळायच्या आत ती गेली.

मी बाहेर आले तेव्हा प्रभाकर पायरीवर बसला होता. बाही अजून खांद्यावरच. मी शेजारी बसले, त्याची बाही खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं. तो माझ्याकडे पाहत नव्हता, स्वतःच्या कोपराच्या आतल्या निळ्या शिरेकडे, जिथं आता बाही आली होती, तिथंच पाहत होता.

"तिचंच तिले देऊन राह्यलो होतो, मॅडम," तो म्हणाला. "माहं काय होतं त्याच्यात?"